डावऱ्या गालाची रायफल

मी एक निवृत्त लढवय्या बोलतोय. यातला 'निवृत्त' हा शब्द नक्की बरोबर आहे. 'लढवय्या' या शब्दाबद्दल हल्ली मला शंका येते, तेव्हा तो तूर्तास उसना घेतला आहे असं समजा. लोक मला रायफल म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातली, इंग्रजांची, दुर्बीण लावलेली, दुरून एकेक माणूस टिपणारी स्नायपर रायफल. निदान इतकी वर्षं मी माझी ओळख अशीच करून देत आलो.

माझा मुक्काम चंद्रपुरात, तुकूम भागात, मुखरूसरांच्या घरी होता. बाहेरच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटावर दोन लाकडी खुंट्या होत्या, त्यांवर मी आडवा पडलेला असे. माझ्या नळीत शिसं ओतलेलं होतं आणि चाप निकामी केलेला होता. त्यामुळे मी कुणाला मारण्याचा प्रश्नच नव्हता. फार तर कुणाच्या डोक्यावर पडलो असतो.

मुखरूसर वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. लाकडाची आतली रचना हा त्यांचा डॉक्टरेटचा विषय. फार शिकलेला माणूस. आणि फार शिकलेल्या माणसाला ज्ञानाबरोबर शंकाही फुकट मिळतात. सर गॅस बंद केला का ते पुन्हा पुन्हा पाहतात. कुठे सही केली, की चष्मा पुसून ती आपलीच आहे ना याची खात्री करून घेतात. दाराला कुलूप लावल्यावर कुलपाला ओढून बघतात, आणि मग 'ओढल्यामुळे सैल तर झालं नाही?' म्हणून पुन्हा ओढतात. अशा माणसाच्या डोक्यावर राहून राहून मलाही तो रोग लागला. रायफलला शंकेचा रोग लागणं बरं नव्हे. पण नळीत शिसं असल्यावर दुसरा उद्योग तरी काय असतो?

आता माझा जन्म. तो इंग्लंडातल्या एका कारखान्यात झाला, असं मी सांगायचो. मग युद्ध. मला बर्फ आठवायचा. पांढरं मैदान, त्यात दबा धरून बसलेला मी, समोरून येणारा शत्रू. आठवण अगदी स्पष्ट होती. फक्त बर्फ पडू लागला की नव्या धानाचा वास यायचा, आणि शत्रू जवळ आला की कोल्हे ओरडायचे. शत्रूच्या अंगावर मला घोंगडंही दिसे. युरोपात असंच असेल, म्हणून मी कधी जास्त विचार केला नाही.

युद्ध संपल्यावर एका जंगलखात्याच्या साहेबाबरोबर मी इकडे आलो. साहेब देश सोडून निघाला तेव्हा त्यानं मला वैनगंगेकाठच्या एका मालगुजाराला, तिकडच्या जमीनदाराला, देऊन टाकलं. मालगुजाराला बंदुकीच्या आवाजानं डोकं दुखायचं. त्यानं मला आपल्या शिकाऱ्याच्या, म्हणजे देवाजीच्या हवाली केलं. देवाजी म्हणजे आमच्या सरांचे वडील.

देवाजी डावखुरा होता. इथून माझी खरी गोष्ट सुरू होते. माझी दुर्बीण बरीच उंच बसते. तिच्यातून बघायचं तर गाल टेकायला दस्त्यावर, म्हणजे खांद्याला लागणाऱ्या मागच्या भागावर, लाकडाचा उंचवटा लागतो; त्याला गालपट्टी म्हणतात. कारखान्यानं तो उजव्या हाताच्या माणसासाठी लावला होता. देवाजीला तो चुकीच्या बाजूला पडे. मग गावच्या झिंगू सुतारानं ती जुनी गालपट्टी काढून टाकली आणि मालगुजाराच्या गोठ्याच्या चौकटीतून उरलेला एक तुकडा घेऊन दुसऱ्या बाजूला नवी बसवली. देवाजीला समोर बसवून, त्याचा डावा गाल टेकवून बघत बघत, पटाशीनं तासली. "हलू नोको देवाजीभाऊ, नाई त गाल तासून टाकीन," असं झिंगू म्हणाल्याचं मला चांगलं आठवतं. ही आठवण मात्र अगदी ताजी आहे. बर्फापेक्षाही.

मग तो वाघ आला. गुरं नेता नेता त्यानं एक माणूस नेला. देवाजीला मचाणावर बसवलं. पहाटे काहीतरी हललं, देवाजीनं डोळे घट्ट मिटले आणि चाप ओढला. वाघ पुन्हा त्या शिवारात दिसला नाही. गाव म्हणतं, मेला. माझं प्रामाणिक मत असं, की तो आवाजाला कंटाळून दुसरीकडे राहायला गेला. पण देवाजी खाली उतरला, सरळ वाघदेवाच्या ठाण्यावर गेला, त्या दगडावरचा शेंदूर बोटभर घेऊन त्यानं माझ्या मानेला लावला. दस्त्याची मान, म्हणजे जिथे मूठ बसते ती जागा. तेव्हापासून दर दसऱ्याला वाघदेवाचा शेंदूर आणि तेल माझ्या मानेवर चढू लागलं. थरावर थर.

एरवी माझं काम रानडुकरं हाकलण्याचं. धान भरात आलं की देवाजी मला घेऊन शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसे. डावा गाल माझ्यावर ठेवी, पोरांना युद्धाच्या गोष्टी सांगे आणि सांगता सांगता झोपून जाई. महायुद्धातल्या एका वीराच्या अंगावर रोज लाळ गळत होती, पण मी तक्रार केली नाही.

पुढे शिकारीवर बंदी आली. देवाजी गेला. गावोगावच्या बंदुका जमा झाल्या, तेव्हा मीही काही वर्षं एका पोलीस ठाण्याच्या खोलीत इतर बंदुकांच्या ढिगात काढली. तिथे मी सर्वांना बर्फाची गोष्ट सांगे. तोंडातून दारू ठासायची एक जुनी भरमार बंदूक दरवेळी विचारी, "बर्फ थंड असते का गरम?" मी गप्प बसे. अखेर सरांनी अर्ज-विनंत्या केल्या, तेव्हा नळीत शिसं ओतून, वडिलांची आठवण म्हणून मला घरी न्यायची परवानगी मिळाली.

त्या घरी सरांबरोबर त्यांची थोरली बहीण राहते, आशाबाई. सरांची पत्नी गेली, इकडे आशाबाईंचं गावातलं घर रिकामं झालं, तेव्हापासून दोघं म्हातारी भावंडं एकत्र. सर त्यांना 'बाई' म्हणतात आणि घाबरतात. दसऱ्याचा शेंदूर लावायचं काम आशाबाईंकडे. त्यांनी त्यात स्वतःची एक भर घातली. पूजेआधी त्या मला अंगणात घेऊन विटेचा चुरा आणि चिंच लावून घासत. मान सोडून, कारण मानेवर देव. बाकी सगळं अंग. काही वर्षांत मी लग्नातल्या भाड्याच्या तलवारीसारखा चमकू लागलो.

असं बरं चाललं होतं. मग परवान्याच्या कार्यालयातून सरांना बोलावणं आलं. परवाना सरांच्या नावावर, सरांचं वय झालेलं. पुढे कोण? मुलगी दिव्या पुण्याला. ती फोनवर म्हणाली, "बाबा, ते काहीही झालं तरी माझ्या घरात नको." तेव्हा कार्यालयातल्या माणसानं समजावलं, की एखाद्या संग्रहालयानं ऐतिहासिक वस्तू म्हणून घेतली तर ठीक. नाही तर जमा करा, तुकडे होऊन ती भट्टीत जाईल.

सर ज्या कॉलेजात शिकवत होते तिथे एक छोटं संग्रहालय आहे. संग्रहालयानं कळवलं, की अस्सल युद्धकाळातली स्नायपर असेल तर आम्ही आनंदानं घेऊ, काचेच्या पेटीत ठेवू आणि खाली तुमच्या वडिलांचं नाव लावू. मात्र जाणकाराचा अहवाल हवा, आणि त्यासाठी एका अभ्यासक मुलीला पाठवतो.

सरांची झोप उडाली. माझीही. मला भट्टीची भीती. त्यांना वेगळीच भीती होती. ते आशाबाईंना म्हणाले, "बाई, समजा अस्सल नसली तर? मग बाबांनी आपल्याला सांगितलं ते काय होतं?"

"तू काऊन आधीच घाम गाळून राह्यला? पावणी येऊ दे, पोहे खाऊ दे, मंग रड."

पाहुणी आली ती स्कूटीवर, ऊर्जानगरहून. उर्वशी तिचं नाव. वडील वीज केंद्रात नोकरीला, तिथल्या क्वार्टरमध्ये वाढलेली, आता नागपूरला जुन्या शस्त्रांचा अभ्यास करते. आल्या आल्या सरांच्या पाया पडली आणि म्हणाली, "सर, ओळखलं नाही ना? तुम्ही मला प्रॅक्टिकलला नापास केलं होतं."

सरांचा चेहरा उतरला. "मी? का बरं? माझी काही चूक झाली होती का?"

"नाही हो सर. मी कांद्याच्या सालीचं चित्र पुस्तकातून उतरवलं होतं. तुम्ही म्हणालात, जे दिसतं ते काढ, जे दिसायला पाहिजे ते नको." ती हसली. "आजपर्यंत त्याच्यावरच पोट भरते माझं."

तिनं मला खाली काढलं, टेबलावर पांढरं कापड पसरून त्यावर ठेवलं आणि दिवा लावला. मी पोट आत घेतलं. रायफलला पोट नसतं, पण अशा वेळी आपोआप होतं.

"सर," तिनं हळूच विचारलं, "हे घासलं कोणी?"

सरांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आशाबाई पोह्यांची ताटली घेऊन अभिमानानं पुढे आल्या. "मी घासतो ना. दरसाली. विटेचा चुरा अन् चिंच. पाह्य बरं, तोंड दिसते त्याच्यात!"

उर्वशीनं क्षणभर डोळे मिटले. "आजी, याच्यावर काळा मुलामा होता. डाव्या अंगाला कारखान्याची अक्षरं होती, तपासणीच्या खुणा होत्या. त्यावरूनच तर समजते खरी कोणती आणि नंतर जुळवलेली कोणती."

"काळं होतं म्हणूनच त घासलं, बाई! तू कढई काळीच ठेवते का?"

सर कपाळाला हात लावून खुर्चीत बसले. आशाबाईंना राग आला. "आता डोक्शाले हात लावते! दसऱ्याले येऊन 'वा बाई, काय चमकली' म्हणे तो कोण होता?"

उर्वशीनं भिंग घेतलं. घासूनही अंगावर एक आकडा पुसट उरला होता. दुर्बिणीच्या बैठकीवरही एक आकडा होता. "ज्या रायफलसाठी बैठक बनवत, तिचा आकडा बैठकीवर टाकत," ती म्हणाली. "हे दोन जुळत नाहीत." मग बैठकीच्या खाली वाकून पाहिलं आणि तिला हसू आवरेना. "सर, माफ करा. पण हा स्क्रू सायकलच्या चेनकव्हरचा आहे."

युरोप जिंकून आलेला मी, आणि माझा डोळा सायकलच्या स्क्रूवर! काय वाटलं असेल याची कल्पना करा. म्हणजे हे लोखंडी अंग कुठल्यातरी साध्या शिपायाच्या साध्या रायफलचं निघालं. साहेबाकडे किंवा मालगुजाराकडे कधीतरी मोडतोड झाली असेल आणि कुण्या लोहारानं दोन बंदुकांची एक केली असेल. मी मनातल्या मनात भट्टीकडे चालू लागलो.

"अजून एक जागा आहे," उर्वशी म्हणाली. "दुर्बिणीचा आकडा दस्त्याच्या मानेवर ठोकत. पण तिथे हे..." तिनं पिशवीतून एक बारीक सुरी काढली.

"हात नोको लावू!" आशाबाई ओरडल्या. "वाघदेवाचा शेंदूर आहे. बाबाच्या हातचा आहे तो."

"आजी, खाली आकडा असेल तर..."

"असू दे. देव आपला अंगरखा आपणच उतरवते. सुरीनं खरवडत नाईत. तुह्या अंगावरचं लुगडं कोणी सुरीनं काढलं त चालन का?"

उर्वशीनं सुरी परत पिशवीत ठेवली. सर म्हणाले, "बाई, मग बंदूक भट्टीत जाईल."

आशाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग आत गेल्या. जवसाचं तेल कोमट करून आणलं, पदर डोक्यावर घेतला आणि माझ्या मानेवर तेल सोडत पुटपुटल्या, "देवा, पोराचा जीव घाबरा होऊन राह्यला. म्हातारा आहे पण पोरगंच आहे. तुही मर्जी असन त उतर." वर ओला फडका ठेवला. "आता कोणी बोट लावायचं नाई. च्या घ्या."

चहा झाला. पोहे झाले. ऊर्जानगरच्या क्वार्टरांना हल्ली पाणी कसं येतं यावर बोलणं झालं. मग आशाबाईंनी फडका उचलला आणि अंगठ्यानं हलकेच दाबलं. इतक्या वर्षांचा शेंदूर, बोराएवढा जाड, अख्ख्या सालीसारखा सुटून त्यांच्या तळहातावर आला. खाली लाकूड होतं, गडद, गुळगुळीत, जसं कारखान्यातून निघालं तसं. त्यावर आकडा. विटेचा चुरा तिथे कधी पोचलाच नव्हता.

उर्वशी दुर्बिणीवरचा आकडा वाचू लागली, सर मानेवरचा. एकेक अंक. शेवटचा अंक जुळला तेव्हा सर पुन्हा चष्मा पुसू लागले. "मी बरोबर वाचलं ना? तीनच आहे ना तो? आठ तर नाही?"

"तीनच आहे, सर. दस्ता आणि दुर्बीण एकमेकांचेच आहेत. आणि अस्सल आहेत."

मी फुगलो. लोखंडाचं सोडा हो, लोखंड काय कुणाचंही असतं. माझा आत्मा लाकडात आणि डोळ्यात आहे, असं मी लगेच ठरवून टाकलं. बर्फ पुन्हा पडू लागला.

"फक्त ही गालपट्टी," उर्वशी म्हणाली. "ही उजव्या बाजूला का?"

"बाबा डावखुरे होते," सर म्हणाले.

"कारखान्यात सगळ्यांना एकाच बाजूला लावत. डावखुऱ्याची कोण पर्वा करतं? हे बघा, पलीकडे जुन्या गालपट्टीची भोकं बुजवलेली आहेत." तिनं भिंग सरांच्या पुढे केलं. "या पट्टीचं लाकूड कोणतं आहे, सर? हा तुमचा विषय."

एक गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली. हा माणूस शेजाऱ्याच्या मुलाची क्रिकेटची बॅट भिंगाखाली घेऊन बघतो. लग्नात गेला तर जेवण सोडून मांडवाचा खांब हुंगतो. पण इतक्या वर्षांत मला त्यानं एकदाही भिंग लावलं नव्हतं. इंग्लंडचं अक्रोड, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, आणि सांगताना माझ्याकडे बघत नसे.

आता तो वाकला. नखानं एका कोपऱ्यावर बारीक ओरखडा काढला. हुंगलं. भिंगातून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"जे पायजे ते सांगून टाक, मुखरू," आशाबाई हळूच म्हणाल्या.

"सागवान," सर म्हणाले. "आपलंच. आलापल्लीकडचं."

उर्वशीनं भिंग परत घेतलं. "मग असं आहे, सर. अंग दुसऱ्या रायफलचं. दस्ता आणि दुर्बीण अस्सल. गालपट्टी गावची. आख्खी रायफल अस्सल, असं मला लिहिता येत नाही."

"लिही ना वो बाई," आशाबाई म्हणाल्या. "कोण येते पाहायले? लोकाईले वाघ पाह्याचा असला त ताडोबाले जातेत. बंदूक कोण पाह्यते? दोन शब्द लिहिले त तुह्या हाताले काय फोड येतेत?"

उर्वशी सरांकडे बघत राहिली. "सर, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं लिहिते."

मला कळत होतं सरांच्या डोक्यात काय चाललं आहे ते. दोन शब्द. मी आख्खा वाचतो, काचेच्या पेटीत जातो, खाली देवाजीचं नाव लागतं. मी ओरडून सांगत होतो, लिहायला लावा, सर! शंका घेण्यात जन्म घालवलात, एक दिवस सुट्टी घ्या! पण शिसं ओतलेल्या नळीतून आवाज कुठला निघणार?

"जे दिसतं ते लिही," सर म्हणाले. मग खुर्चीत मागे टेकले आणि एकदम लहान दिसू लागले. "म्हणजे बाबा खोटं बोलले आमच्याशी. मी आयुष्यभर लोकांना सांगत सुटलो. माझ्या निरोपसमारंभात भाषणातसुद्धा सांगितलं."

"कोण खोटं बोललं?" आशाबाई उसळल्या. "बाबा सांगे त काय म्हणे, आठवते का तुले? 'ही बंदूक लढाईले गेली होती म्हणतेत. तिथी बर्फ पडे म्हणतेत. कोणी घोंगडं पांघरून ये म्हणतेत.' दर गोष्टीले म्हणतेत म्हणे. माळ्यावर मी आंबील घेऊन जाओ तवा रोज आयकलं मी. ते म्हणतेत तू गाळलं, डॉक्टरसाहेब. बाबानं नाई गाळलं."

सरांनी मान खाली घातली. जन्मभर विद्यार्थ्यांना 'हे कशावरून?' विचारणारा माणूस. पण चेहऱ्यावरचा ताण मात्र उतरला. मला वाटतं, वडील खरे निघाले हे कळण्यासाठी स्वतः चुकीचं ठरायला त्यांची काही हरकत नव्हती.

मी मात्र गारठलो. माळ्यावर. धान. कोल्हे. घोंगडं.

ठरलं ते असं. लोखंडी अंग शस्त्र म्हणून जमा होणार आणि भट्टीत जाणार. दस्ता आणि दुर्बीण ही शस्त्रं नव्हेत, ती संग्रहालय घेणार. पेटीखाली उर्वशी लिहिणार होती: युद्धकाळातील दस्ता व दुर्बीण, वापरणारा देवाजी शिकारी. नाव लागणार होतंच. गालपट्टी काढून ठेवावी, म्हणजे मूळची भोकं दिसतील, असंही ती म्हणाली.

"ते लाकूड मले दे," आशाबाई म्हणाल्या. "बाबाचा गाल आहे तो."

सरांनी स्वतः पेचकस घेतला. पहिला स्क्रू निघाला, दुसरा निघाला. मी विचार करत होतो, आता मी कुठे जाणार? लोखंडाबरोबर भट्टीत, की दस्त्याबरोबर काचेत? मला काचेचीच आशा होती. शेवटचा स्क्रू निघाला, टक्कन आवाज झाला, आणि सागवानाचा ताजा वास खोलीभर पसरला.

टेबलावर समोर रायफल पडलेली होती. मी तिच्याकडे बघत होतो. सरांच्या तळहातावरून.

तर असा मी. इंग्लंड नाही, कारखाना नाही, युद्ध नाही. आलापल्लीच्या जंगलातला सागवानाचा एक तुकडा. माझा सख्खा भाऊ मालगुजाराच्या गोठ्याची चौकट आहे आणि त्याला म्हशी अंग घासतात. बर्फ मी पाहिलेला नाही. देवाजीचा गाल माझ्यावर होता, तो सांगत होता, मी ऐकत होतो. त्याचं 'म्हणतेत' मीही गाळलं. त्या भरमार बंदुकीची कुठे भेट झाली तर सांगा, बर्फ थंड असतो की गरम ते मला माहीत नाही.

शेंदराची ती खपली आशाबाईंनी मार्कंड्याच्या घाटावर नेऊन वैनगंगेत सोडली. सर बरोबर गेले होते आणि खपली नीट बुडाली का ते बघायला दोनदा पायऱ्या उतरले. मी आता देव्हाऱ्याच्या कडेला असतो, पाटावर, उदबत्तीच्या पुड्याशेजारी. यंदाच्या दसऱ्याला वाघदेवाच्या शेंदराचं बोट माझ्यावर चढलं. आशाबाईंनी आधी विटेच्या चुऱ्याच्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लाकडाले नाई लावत," असं म्हणाल्या. त्यांचा शब्द पक्का आहे, पण नजरेचा भरवसा नाही.

तेव्हा वाचकहो, जाता जाता एक मागणं आहे. तुमच्या घरी वडीलधाऱ्यांची एखादी काळी पडलेली वस्तू असेल तर चिंच भाजीत घाला.

काल दुपारी आशाबाई झोपल्यावर सर देव्हाऱ्याशी आले. इकडेतिकडे पाहिलं, मला उचललं, खुर्चीत बसले आणि हळूच आपला गाल माझ्यावर टेकवला. बसला नाही. त्यांनी मला फिरवून पाहिलं, वर-खाली करून पाहिलं. शास्त्रज्ञ माणूस, प्रयोग सोडत नव्हते. मी आतून सांगत होतो, डावा, सर, डावा.

मग त्यांनी गाल बदलला.

तरीही पुरता बसला नाही. तासताना समोर दुसरा माणूस बसला होता. पण सर तसेच बसून राहिले, आणि थोड्या वेळानं मला ओळखीचं काहीतरी ओलं लागलं.

झोपले होते.